उतारवयात जोडीनं नाचायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी-सत्तरीतली माणसं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांची मुलं, मला हेच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात, म्हणून एकदा सगळी उत्तरं एका ठिकाणी टाकतोय. मी स्वतः ६२ व्या वर्षी सुरू केलं आणि आता नवशिक्यांच्या बॅचला मदत करतो. डॉक्टर नाहीये, त्यामुळे तब्येतीच्या प्रश्नांना जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते कळावं म्हणून, त्यांच्याऐवजी नाही. प्रश्नांना नंबर दिलेत, सगळं वाचायची गरज नाही, आपलं दुखणं शोधा आणि तेवढंच वाचा.

१. पार्टनर डान्स म्हणजे नक्की काय? ते टीव्हीवर एकमेकांना उचलून फेकतात ते का?

नाही हो. ते स्टेजवरचं, महिनोन्‌महिने बसवलेलं असतं. आपण बोलतोय सोशल डान्सबद्दल, म्हणजे दोन माणसं हात धरून किंवा हलकंसं कवेत घेऊन एकाच तालावर चालतात, एक जण दिशा सुचवतो त्याला लीड म्हणायचं, दुसरा ती ओळखून उत्तर देतो तो फॉलो. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, रुंबा, चाचाचा, टँगो, साल्सा, स्विंग असे बरेच प्रकार आहेत. बहुतेकांचं मूळ चालणंच आहे, फक्त तालात आणि समोर माणूस. आणि महत्त्वाचं म्हणजे यात काहीच आधी ठरलेलं नसतं, पुढची स्टेप त्या क्षणी ठरते, गर्दी बघून, गाणं ऐकून. उतारवयात याचा जो उपयोग होतो त्यातला मोठा भाग माझ्या मते या न ठरलेल्यातच आहे.

२. माझं वय ७१. आयुष्यात कधी नाचलो नाही. आता जमेल का?

तुम्ही न धरता पाच मिनिटं चालू शकता का, आणि एका जागी उभं राहून वजन या पायावरून त्या पायावर घेऊ शकता का? दोन्ही जमत असेल तर सुरुवात करता येते. तरुण माणसाला एका क्लासमध्ये येतं ते आपल्याला तीन क्लासमध्ये येतं, इतकाच फरक, आणि तीन क्लास म्हणजे तीन आठवडे, आपल्याला कुठे गाडी पकडायचीय. वजन बदलताना तोल जात असेल तर आधी प्रश्न ५ वाचा.

३. पण फायदा खरंच काय होतो? "मन प्रसन्न राहतं" सोडून सांगा.

बरं. पायांपासून सुरू करतो. रोजच्या चालण्यात आपण फक्त पुढे जातो. नाचात मागे जावं लागतं, बाजूला जावं लागतं, थांबून परत निघावं लागतं, एका पायावर क्षणभर तरंगावं लागतं. माणूस पडतो तो बऱ्याचदा नेमका अशाच वेळी, वळताना, मागे सरकताना, वजन दुसऱ्या पायावर घेताना. हे तुम्ही तासभर, आधाराला दोन हात असताना, शंभरदा करता.

मग हृदय आणि दम. स्लो वॉल्ट्झच्या गाण्यात मिनिटाला साधारण ८४ ते ९० बीट, म्हणजे तालाचे ठोके असतात, चाचाचाच्या १२० ते १२८, त्यामुळे मेहनत कमी-जास्त करणं आपल्या हातात राहतं.

डोक्याचं काम तर विचारूच नका. ताल ऐकायचा, समोरच्याचा हात काय सांगतोय ते कळून घ्यायचं, मागून येणाऱ्या जोडीला धडकायचं नाही, आणि मधेच डावा पाय कुठला ते आठवायचं, सगळं एकाच वेळी. ट्रेडमिलवर हे होत नाही, तिथे आपण बातम्या बघतो.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे समोर कोणीतरी वाट बघत असतं. पार्किन्सन (हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार) असलेल्या ३९ लोकांवर अमेरिकेत एक प्रयोग झाला, २०१० मध्ये छापून आला. अर्ध्यांना जोडीनं टँगो शिकवला, बाकीच्यांना त्याच हालचाली एकट्यानं, दोघांनाही आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे. तोल आणि चाल दोन्ही गटांची सुधारली, म्हणजे त्या बाबतीत जोडीची काही जादू नाही. पण मजा जास्त आली आणि पुढेही करावंसं वाटलं ते जोडीवाल्यांना. आता सांगा, या वयात व्यायाम बंद पडतो तो कशामुळे? सुरू केलेला टिकत नाही म्हणूनच ना?

४. फॉरवर्ड आलाय की नाचल्यानं डिमेंशिया ७६ टक्के कमी होतो. खरं आहे का?

हा फॉरवर्ड मला दर दोन महिन्यांनी येतो, पाठवणारे बदलतात. आकडा हवेतला नाहीये, पण अर्थ ताणलाय. २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातले ७५ च्या वरचे ४६९ लोक, साधारण पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, त्यातल्या १२४ जणांना डिमेंशिया झाला. वाचन, बोर्डवरचे खेळ, वाद्य वाजवणं यांच्याबरोबर धोका कमी दिसला, आणि ११ शारीरिक गोष्टी तपासल्या त्यातल्या फक्त नाचाच्या बाबतीत तसं दिसलं. ७६ चा आकडा तिथून येतो.

पण हे नुसतं निरीक्षण होतं. कोणाला नाचायला लावून बघितलं नव्हतं, त्यामुळे नाचल्यामुळे डोकं शाबूत राहिलं की डोकं शाबूत होतं म्हणून माणसं नाचत राहिली हे त्यातून सांगता येत नाही. शिवाय अंदाजाची रेंज इतकी रुंद होती की एका टोकाला फरक जवळजवळ शून्यावर येतो. आणि नाच म्हणजे कुठलाही नाच, जोडीचाच असं नाही.

दुसरा एक छोटा प्रयोग जर्मनीत माग्देबुर्गला झाला, २०१७ मध्ये आला, ६० च्या पुढच्या लोकांचा, १८ महिन्यांचा. एका गटाला सतत नवनवीन नाच शिकवले, दुसऱ्याला नेहमीचा फिटनेसचा व्यायाम दिला. आठवणींशी संबंध असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा भाग दोन्ही गटांत वाढलेला दिसला, तोल मात्र नाचणाऱ्यांचाच सुधारला. यातला "सतत नवनवीन" हा शब्द धरून ठेवा. वीस वर्षं त्याच चार स्टेप डोळे मिटून करणाऱ्याच्या डोक्याला कसलं काम पडतंय?

म्हणून मी लोकांना सांगतो की डिमेंशियाच्या भीतीनं येऊ नका, आलात तर दोन महिन्यांत कंटाळाल. आवडतं म्हणून या.

५. पडायचा धोका कमी होतो की वाढतो? आईला पाठवायला भीती वाटते.

भीती अगदीच चुकीची नाही. सिडनीच्या आसपासच्या ज्येष्ठांच्या २३ वसाहतींत ५३० लोकांवर वर्षभर प्रयोग झाला, २०१६ मध्ये आला, काही वसाहतींत लोकनृत्य किंवा बॉलरूमचे (वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉटसारख्या जोडीच्या नाचांचे) क्लास लावले, बाकीच्यांत नाही. पडण्याच्या संख्येत म्हणावा असा फरक पडला नाही. उलट जे आधीच बऱ्याचदा पडलेले होते त्यांच्यात नाचणाऱ्या वसाहतींत पडणं जास्त दिसलं.

यावरून मी काढलेला अर्थ असा. तुमची आई गेल्या वर्षभरात दोन-तीनदा पडली असेल तर सरळ नाचाच्या क्लासला नाही, आधी फिजिओकडे. तिथे तोलाचे व्यायाम, पायात ताकद, गोळ्यांचा आढावा, आणि मग फिजिओनं हो म्हटलं तर नाच. एकदाही पडली नसेल आणि नुसतं "सांभाळून गं" म्हणून तुम्ही तिला घरात बसवून ठेवत असाल, तर पाय अजून कमजोर होणार आणि मग ती घरातच पडणार.

६. मग मॉर्निंग वॉक आणि व्यायाम बंद केला तर चालेल?

नका करू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल सांगितलीय, शिवाय तोल आणि ताकदीचे व्यायाम तीन किंवा जास्त दिवस. आठवड्यातून दोनदा तासभर नाचलात, त्यातला बराच वेळ उभं राहून मास्तरांचं ऐकण्यात जातो, तर हिशोब पुरा होत नाही. आणि हातांच्या, पाठीच्या ताकदीसाठी नाच फारसं काही करत नाही.

७. कुठल्या डान्सनं सुरुवात करू?

जे गाणं ऐकून पाय आपोआप हलतो त्या प्रकारानं, हे खरं उत्तर. पण तेवढ्यानं समाधान होत नाही कोणाचं म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

स्लो वॉल्ट्झ: तीनचा ताल, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. बॉक्स स्टेप नावाची चौकोनात चालायची स्टेप पहिल्याच दिवशी येते. टाचा उचलून वर-खाली होण्याची जी ऐट असते ती सुरुवातीला सोडून द्या, पोटऱ्या आणि तोल दोन्ही वाचतात. फक्त व्हिएनीज वॉल्ट्झशी गल्लत करू नका, तो दुप्पट वेगाचा आणि सतत गोल फिरणारा, भल्याभल्यांना भोवळ आणतो.

फॉक्सट्रॉट: चालता येत असेल तर येतो. ज्यांना "आपल्या अंगात नाचच नाही" असं वाटतं त्यांना मी इथेच ढकलतो.

रुंबा: सावकाश, फार जागा लागत नाही. चाचाचा त्याचाच फटाफट धाकटा भाऊ, तो नंतर.

अर्जेंटाइन टँगो: हा म्हणजे तालात चालणं आणि थांबणं, बस. थांबायला परवानगी आहे, हे आपल्या वयाला किती सोयीचं आहे बघा. ब्वेनोस आइरेस आणि माँटेव्हिडिओच्या वस्त्यांत जन्मलेला नाच, २००९ मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून नोंदवला. अवघड गोष्ट ही की ठरलेली मूळ स्टेप नसते त्यामुळे पहिले दोन महिने आपण काहीच शिकत नाही आहोत असं वाटत राहतं. आणि जवळून धरतात, त्याबद्दल प्रश्न १३.

साल्सा, बचाटा: तरुणांची गर्दी, मोठा आवाज, रात्री उशीर. साल्सात गिरक्या फार. जमतात, पण ज्येष्ठांसाठी वेगळी बॅच असेल तर जा.

जाइव्ह: मिनिटाला १७० च्या आसपास बीट, उड्या. गुडघ्यांना विचारा.

८. पहिल्या दिवशी काय होतं? सगळे माझ्याकडेच बघतील.

कोणीही बघत नाही, सगळे आपापल्या पायांकडे बघत असतात. साधारण असं होतं की थोडं वॉर्मअप, मग लीड एका रांगेत आणि फॉलो समोरच्या रांगेत उभे राहून एकट्यानं स्टेप करतात, मग जोडीनं, मग गाण्यावर. दर काही मिनिटांनी पार्टनर बदलायला सांगतात, त्याला रोटेशन म्हणतात. मोकळं नाचायची वेळ आली की सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेनं हॉलभर फिरतात, तुम्ही अडखळलात तर उलट्या दिशेला पळू नका, मधल्या भागात सरका, तिथे कोणी धडकत नाही.

पहिल्या दिवशी मी माझ्या पार्टनर बाईंच्या पायावर सात वेळा पाय दिला, त्यांनी मोजले होते.

९. क्लास चांगला आहे की नाही कसं ओळखायचं?

एक दिवस नुसतं बसून बघा. बसायला खुर्च्या आहेत का, आणि मधे बसलं तर मास्तर टोकतात का. मागे वळून आरशात बघत शिकवतात की समोर येऊन. "गुडघा दुखतोय" म्हटल्यावर पर्याय देतात की "होईल सवय" म्हणतात. हे दुसरं वाक्य ऐकलं की चप्पल घाला आणि घरी या. मला एका ठिकाणी पहिल्याच तासाला पाठ मागे वाकवायला लावली होती, चार दिवस अंथरुणात गेले.

जमीनही बघा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आपल्या वयात अंगण खरंच तपासून घ्यावं. लाकडी फ्लोअर उत्तम, कारण थोडा लवचिक असतो. फरशीखाली सिमेंट असेल तर तासाभरानं टाचा आणि गुडघे बोलतात. पॉलिश केलेली गुळगुळीत फरशी नको, गालिचाही नको, पाय वळत नाही त्याच्यावर.

१०. बूट कुठले? रोजचे स्पोर्ट्स शूज चालतील ना?

पहिल्या एक-दोन क्लासला चालतील, वळायचं नाही या अटीवर. स्पोर्ट्स शूजचा रबरी तळ जमिनीला चिकटतो, अंग वळतं, पाय तिथेच राहतो, आणि मधे जो पिळला जातो तो गुडघा. म्हणून डान्सच्या बुटांना चामड्याचा किंवा स्वेडचा तळ असतो, जो थोडा सरकतो. ते बूट घालून ओल्या जमिनीवर पाय टाकू नका, आणि रस्त्यावर तर नकोच, हॉलमध्ये जाऊन बदला.

टाच बायकांनी कमी आणि रुंद घ्यावी, दोन-तीन सेंटिमीटर खूप झाली, घोट्याला पट्टा असलेले बूट घ्यावेत. मागून उघड्या चपला, स्लीपर, नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर, हे तिन्ही म्हणजे पडायला आमंत्रण. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर प्रश्न २० बघा.

११. माझ्याकडे पार्टनरच नाहीये. एकटी गेले तर विचित्र दिसेल का?

अजिबात नाही, बऱ्याच बॅचमध्ये निम्मे लोक एकटेच येतात. रोटेशन असलं की पार्टनरचा प्रश्न आपोआप सुटतो, म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा. बायका जास्त आणि पुरुष कमी हे बहुतेक ठिकाणचं चित्र आहे, त्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बाईनं लीड शिकणं. बसून राहावं लागत नाही, आणि लीड-फॉलो दोन्ही येणारी माणसं नाच लवकर समजतात हे मी बॅचमध्ये बघत आलोय. पुरुषांनीही महिनाभर फॉलो करून बघा, आपण समोरच्याला किती ओढतो ते कळतं.

१२. मला जायचंय पण आमचे हे तयारच होत नाहीत. आणि एकदा नेलं तर भांडण झालं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तयार न होणं: बहुतेक पुरुषांना नाचायची लाज नसते, चारचौघांत आपल्याला येत नाही हे दिसण्याची असते, आणि लीड म्हणजे सगळी जबाबदारी त्यांच्यावर, ही भीती. हात धुवून मागे लागू नका. तुम्ही एकट्या जायला लागा, दोन महिन्यांनी "कोण असतं तिकडे" अशी चौकशी आपोआप सुरू होते. आमच्या बॅचला असे तिघं जण आलेत, आधी सोडायला यायचे, मग दारात थांबायचे, मग खुर्चीवर.

भांडण: चाळीस वर्षांच्या संसारात जे बोलायचं राहिलंय ते बॉक्स स्टेप शिकताना बाहेर येतं, आमच्याकडेही आलं. नियम एकच ठेवा, फ्लोअरवर पार्टनरला शिकवायचं नाही, शिकवायला मास्तर आहेत. चूक झाली तर दोघांनी थांबायचं आणि "एक"वर परत निघायचं, कोणाची होती याची चर्चा नाही. रोटेशनमध्ये दुसऱ्यांबरोबर नाचलात तर अर्धी भांडणं तिथेच मिटतात, कारण तीच चूक दुसऱ्याबरोबर पण होते हे लक्षात येतं.

१३. अनोळखी माणसाचा हात धरायचा, जवळ यायचं, संकोच वाटतो. कोणी गैरफायदा घेतला तर?

संकोच दोन-तीन क्लासमध्ये बराचसा जातो कारण डोकं पायांत गुंतलेलं असतं. जवळ किती यायचं हे तुम्ही ठरवायचं. प्रत्येक प्रकार हातभर अंतर ठेवून करता येतो, टँगोसुद्धा, त्याला ओपन एम्ब्रेस म्हणतात. समोरचा जवळ ओढत असेल तर आपला हात त्याच्या दंडावर ठेवून कोपर मऊ पण घट्ट धरा, अंतर आपोआप राहतं. तरी ऐकलं नाही तर "थँक यू" म्हणून गाण्याच्या मध्यात सोडून जायला पूर्ण परवानगी आहे, कारण सांगावं लागत नाही. मास्तरांना सांगा. मास्तरच तसे वागत असतील तर क्लास सोडा.

नाही म्हणणं अवघड जात असेल तर टँगोवाल्यांची पद्धत छान आहे, लांबून नजरेनं विचारतात, नाचायचं नसेल तर नजर वळवायची, कोणाचाच अपमान नाही.

१४. मला तालच कळत नाही, काय करू?

गाणं लावून नुसतं चाला, घरातल्या घरात, प्रत्येक बीटला एक पाऊल. हात नाही, स्टेप नाही. रोज एक गाणं, दोन आठवडे. तालाबाहेर असल्याची शंका येतेय म्हणजे कान ठीक आहेत, पाय उशिरा ऐकतोय एवढंच. आणि फॉलो करणाऱ्यांना तर समोरच्याच्या अंगातून ताल मिळतो.

१५. स्टेप लक्षातच राहत नाहीत. मला काही झालंय का?

नवीन स्टेप विसरणं सगळ्यांचंच होतं, विशीतल्यांचंही. क्लास संपल्यावर तिथेच मोबाइलवर मास्तरांची स्टेप शूट करून ठेवा, त्यांना विचारून, आणि झोपायच्या आधी एकदा मनातल्या मनात करा. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज दहा मिनिटं कधीही बरी, किचनच्या ओट्याला एक हात टेकून. स्टेप सोडून क्लासचा वारच विसरला जातोय, ओळखीचा रस्ता चुकतोय असं असेल तर ते वेगळं, डॉक्टरांना दाखवा.

१६. गुडघे झिजलेत. नाचलं तर अजून झिजणार ना?

असा समज फार आहे, पण गुडघेदुखीला बेतानं केलेला व्यायामच सांगतात, बसून राहणं नाही. पिळणं, उड्या आणि खोल वाकणं टाळा. वळायचं असेल तर पायावरचं वजन आधी हलकं करून मग वळा, वजन टाकून पाय रोवून कधीच वळू नका. पावलं छोटी ठेवा. दुखणं मोजायची माझी पद्धत अशी की दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखतंय किंवा सूज आहे, तर काल जास्त झालं, पुढच्या वेळी अर्धं करायचं.

१७. गुडघा किंवा खुबा बदललाय. कधीपासून नाचू शकतो?

तारीख तुमचे सर्जनच देतील. साधारणपणे काही महिने तरी फिजिओ आणि चालणं यातच जातात. पण "नाचू का?" असं मोघम विचारू नका, डॉक्टर उड्या डोळ्यांसमोर आणतात आणि नाही म्हणतात. असं विचारा: सावकाश चालणं, मागे पाऊल टाकणं, एका पायावर वळणं, हे कधी? खुब्याच्या ऑपरेशनमध्ये मागच्या बाजूनं गेले असतील तर सुरुवातीला पाय पायावरून क्रॉस करणं, पंजा आत वळवणं आणि ९० अंशांच्या पुढे वाकणं बहुधा मना असतं, आणि टँगोत फॉलोच्या क्रॉस स्टेप भरपूर असतात, म्हणून हे मास्तरांनाही आधी सांगा.

१८. हार्ट पेशंट आहे, बीपीची गोळी चालू आहे. झेपेल?

इटलीतला एक अभ्यास २००८ मध्ये आला, हार्ट फेल्युअर स्थिर असलेल्या लोकांना वॉल्ट्झ करायला लावला, एकदा सावकाश एकदा जलद असा आलटून पालटून २१ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. दम आणि क्षमता नेहमीच्या सायकल-ट्रेडमिलवाल्यांइतकीच सुधारली. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं, त्यामुळे आधी परवानगी घ्याच.

बीटा ब्लॉकर प्रकारची, म्हणजे हृदयाचे ठोके हळू ठेवणारी गोळी असेल तर नाडी हवी तेवढी वाढत नाही, मग घड्याळातला आकडा बघून मेहनत मोजणं फसवं. त्यापेक्षा बोलून बघा, नाचताना वाक्य बोलता येतंय पण गाता येत नाहीये, म्हणजे बरोबर चाललंय. वाक्य तुटतंय तर हळू करा. छातीत दडपण, हात-जबड्यात कळ, घाम फुटणं यापैकी काही झालं तर गाणं संपायची वाट बघू नका, थांबा आणि मदत बोलवा. पेसमेकर नवीन बसवला असेल तर त्या बाजूचा हात खांद्याच्या वर कधी न्यायचा ते विचारून घ्या, बहुतेक होल्डमध्ये, म्हणजे पार्टनरला धरायच्या पद्धतीत, एक हात वर असतो.

१९. गिरकी घेतली की चक्कर येते.

मग गिरकी घेऊ नका. गंमत नाही करत, सोशल डान्समध्ये गिरकी सक्तीची नसते, "मला फिरवू नका" एवढं सांगायचं. नुसती गिरकीची चक्कर असेल तर नजर एका ठिकाणी रोखून शेवटच्या क्षणी डोकं वळवायची युक्ती आहे, पण मान आखडलेली असेल तर ती पण नको. अंथरुणात कूस बदलली तरी खोली फिरत असेल तर तो कानातल्या तोलाचा त्रास असू शकतो, त्यावर उपाय आहे, दाखवून घ्या. खुर्चीतून उठल्या उठल्या डोळ्यांसमोर अंधारी येत असेल तर बीपी खाली जात असेल, गोळ्यांबद्दल विचारा, आणि गाणं सुरू झालं की पटकन उठून धावत जाऊ नका.

२०. शुगर आहे, पायाला बधिरपणा आहे.

क्लासच्या आधी आणि नंतर तळपाय बघा, स्वतःला दिसत नसेल तर आरसा किंवा घरच्यांची मदत. बधिर पायाला बूट चावलेला कळत नाही आणि छोटी जखम महाग पडते. इन्सुलिन किंवा शुगर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर खिशात गोड काहीतरी ठेवा, आणि मास्तरांना माहिती असू द्या की तुम्ही अचानक थरथरायला लागलात तर काय करायचं.

२१. हाडं ठिसूळ झालीत असा रिपोर्ट आहे.

नाचणं बंद करायची गरज सहसा नसते, पण मागे झुकवणारे डिप, कंबरेतून झटक्यानं पुढे वाकणं, जोरात पिळणं आणि कोणी हात खेचून फिरवणं हे सगळं बाद. मणक्याचं फ्रॅक्चर आधी होऊन गेलं असेल तर फिजिओला दाखवूनच. गर्दीच्या पार्टीतही सांभाळा, धडक तिथेच बसते.

२२. वडिलांना पार्किन्सन आहे. क्लासला घेऊन जाऊ का?

ज्या थोड्या आजारांत नाचाचा चांगला अभ्यास झालाय त्यातला हा एक. २००९ च्या एका अभ्यासात ५८ लोक होते, काहींना टँगो, काहींना वॉल्ट्झ-फॉक्सट्रॉट, काहींना काहीच नाही, १३ आठवड्यांत २० क्लास. दोन्ही नाचवाल्यांचा तोल आणि चालण्याचं अंतर सुधारलं, टँगो काही बाबतीत पुढे. मला याचं कारण पटतं, पार्किन्सनमध्ये पाऊल निघता निघत नाही, आणि टँगोत थांबून परत निघणं, मागे जाणं हेच तर घोटून घेतात, वर संगीताचा ताल मदतीला असतो. पार्टनर मात्र धडधाकट आणि तोल सांभाळता येणारा हवा. गोळीचा असर ज्या वेळी चांगला असतो त्या वेळेची बॅच घ्या.

२३. आजीला डिमेंशिया सुरू झालाय, आता काय उपयोग?

आजार मागे जाईल या आशेनं नका नेऊ. पण जुन्या गाण्यांवर हात धरून झुलणं अशा लोकांना जमतं, शब्द सापडत नाहीत तेव्हाही. नवीन स्टेप शिकवू नका, चुका दाखवू नका, आवाज कमी ठेवा, आणि एका वेळी एकच माणूस समोर. तिनं हात सोडला की नाच संपला असं समजायचं.

२४. कमी ऐकू येतं, आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे.

हिअरिंग एड बसवणाऱ्याला संगीतासाठी वेगळी सेटिंग मागा, बऱ्याच मशिनमध्ये असते, नाहीतर गाणं तुटक ऐकू येतं. स्पीकरजवळ उभं राहू नका. मास्तरांच्या तोंडाकडे बघता येईल अशी जागा पकडा. चष्म्याचं म्हणाल तर प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकलचा खालचा भाग वाचायचा असतो, त्यातून पायाकडे बघितलं की जमीन धूसर आणि भलत्याच ठिकाणी दिसते. एक तर पायाकडे बघायची सवय सोडा, ती तशीही वाईटच, नाहीतर नाचायला लांबच्या नंबरचा साधा चष्मा ठेवा.

२५. विचारायला लाज वाटते, पण नाचताना लघवीचे थेंब जातात.

तुम्ही एकट्या नाही, बॅचमध्ये किमान चार जणी हेच मनात घेऊन उभ्या असतात, आणि प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओ शिकवतात, काही महिने नेमानं केले तर बऱ्याच जणांना फरक पडतो. तोपर्यंत पॅड, गडद कपडे, उड्यांचे नाच बाद. पाणी पिणं कमी करू नका, त्यानं चक्कर वाढते.

२६. व्हीलचेअरवर आहे. माझ्यासाठी काही आहे का?

आहे की. स्वीडनमध्ये १९६८ पासून व्हीलचेअर डान्स चालू आहे आणि आता त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. एक जण खुर्चीत आणि एक उभा याला कॉम्बी म्हणतात, दोघंही खुर्चीत असले की ड्युओ. हाताच्या दाबातून लीड-फॉलो इथेही तसंच चालतं. ब्रेक, पायपट्टी तपासून घ्या, आणि उभ्या पार्टनरनं खुर्ची ढकलायची नाही, हात द्यायचा. सगळ्या क्लासना हे येत नाही, फोनवर स्पष्ट विचारा.

२७. आम्ही दोघं बारा वर्षं नाचलो. ती गेली. परत जावं का, आणि कसं?

घाई नाही, आणि न जाणं हाही पर्याय आहे. जायचं ठरलं तर आमच्या बॅचमध्ये परत आलेल्यांना जे उपयोगी पडलं ते सांगतो. पहिल्यांदा संध्याकाळच्या पार्टीला नका जाऊ, क्लासला जा, तिथे काहीतरी करायला असतं. दोघं मिळून करत होतात तो प्रकार काही दिवस बाजूला ठेवून वेगळा घ्या, म्हणजे वॉल्ट्झ करत होतात तर टँगो, हाताला जुनी सवय नसते. किंवा लीड सोडून फॉलो शिका. सोबत एखादा मित्र न्या आणि अर्ध्यातून निघायचं असेल तर निघता यावं म्हणून घरी परतायची सोय स्वतःची ठेवा. आणि मास्तरांना आधी फोन करून सांगून ठेवा की अमुक एक गाणं सध्या लावू नका.